फोटोच्या कागदाबरोबर त्याचे प्रोफाइलही द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या प्रिंटरवर छायाचित्रे कशी छापावीत याविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. लग्नाचे, बारशाचे आणि सहलीचे फोटो मोबाइलमध्येच पडून राहण्याच्या आजच्या दिवसांत ते कागदावर उतरवण्याचा आग्रह कोणी धरतो, याचा मला आनंद आहे. नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रे, तुंबू नयेत म्हणून अधूनमधून एखादे रंगीत पान छापत राहावे, पावसाळ्यात कागदाचे पाकीट उघडे ठेवू नये, या त्यातील सूचना योग्यच आहेत. मात्र पडद्यावरचा रंग कागदावर उतरत नसेल तर प्रिंटरच्या सेटिंगमधील सायन (आकाशी निळा), मजेंटा (किरमिजी) आणि यलो (पिवळा) यांच्या पट्ट्या मागेपुढे सरकवत 'डोळ्यांना बरे वाटेपर्यंत' छापून पाहावे, हा जो उपाय लेखात सांगितला आहे, तो मला पटत नाही. त्यात शाई आणि कागद खर्ची पडतात आणि दोष जिथल्या तिथे राहतो. तो दोष नेमका कोठे आहे आणि प्रोफाइल, म्हणजे प्रिंटर एखाद्या कागदावर रंग कसा छापतो याची मोजून केलेली फाइल, देऊन तो दूर करण्याचे काम खरे तर कोणी करायला हवे, यासंबंधी जरा विस्ताराने लिहू इच्छितो. पत्र लांबले तर क्षमा असावी.

पट्ट्या सरकवल्याने एखादा फोटो सुधारतो, हे मी नाकारत नाही. नवरीच्या चेहऱ्यावर हिरवट झाक आली असेल तर मजेंटा थोडा वाढवताच चेहरा ठीक दिसू लागतो. पण त्याच फोटोतले पांढरे उपरणे आता गुलाबी दिसते आणि मागच्या अंधारातला काळा रंग तपकिरी होतो, कारण प्रिंटरची चूक सगळ्या रंगांत आणि सगळ्या छटांत सारखी नसते. एखाद्या कागदावर तोच प्रिंटर फिकट करड्या छटेत निळसर, मध्यम करड्यात हिरवट आणि गडद भागात लालसर झुकू शकतो. पट्टी सरकवली की सगळ्या छटा एकाच दिशेला ढकलल्या जातात. ज्या छटेत चूक उलट दिशेची आहे तिथे ती आणखी वाढते. शिवाय पुढचा फोटो छापायला घेतला की सगळी कसरत पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

मुळात संगणकातल्या फोटोत रंग नसतो, आकडे असतात. लाल २००, हिरवा ४० आणि निळा ६० असे आकडे मिळाले की प्रिंटर आपल्या परीने शाईचे थेंब टाकतो. त्याच आकड्यांतून एका कागदावर डाळिंबी रंग निघेल आणि दुसऱ्यावर विटकरी. यांतला बरोबर कोणता हे ठरवायचे तर माणसाच्या नजरेला धरून केलेले माप लागते. असे माप १९३१ पासून उपलब्ध आहे. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने माणसांकडून रंग जुळवून घेण्याच्या प्रयोगांच्या आधारे ते निश्चित केले आणि १९७६ मध्ये त्याला 'लॅब' या नावाने ओळखले जाणारे अधिक सोयीचे रूप दिले. लॅबमध्ये प्रत्येक रंगाचे तीन आकडे असतात: पहिला उजळपणाचा, ज्यात शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पांढरा; दुसरा हिरव्याकडून लालाकडे जाणारा; आणि तिसरा निळ्याकडून पिवळ्याकडे जाणारा. हे आकडे कोणत्याही यंत्राच्या मर्जीवर अवलंबून नसतात. १९९३ मध्ये अॅडोबी, ॲपल, कोडॅक आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यासह आठ कंपन्यांनी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम, म्हणजे आयसीसी, ही संस्था स्थापन केली आणि यंत्राचे स्वतःचे आकडे व हे तटस्थ आकडे यांचा मेळ सांगणाऱ्या फाइलचा एकच सर्वमान्य आराखडा ठरवला. त्या फाइलला प्रोफाइल म्हणतात आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत.

प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये तक्त्यांची जोडी असते. एक तक्ता सांगतो की अमुक आकडे दिले तर या कागदावर कोणता रंग उमटतो. दुसरा त्याच्या उलट, अमुक रंग हवा असेल तर कोणते आकडे द्यावेत हे सांगतो. छापताना दुसरा कामाला येतो, आणि छापील रूप आधी पडद्यावर पाहायचे असेल तर दोन्ही लागतात. कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल यांची अनेकदा गल्लत होते, त्या लेखातही ती झाली आहे, म्हणून एक दाखला देतो. वाण्याचा काटा दहा ग्रॅम जास्त दाखवत असेल तर काटा दुरुस्त करून घेणे हे कॅलिब्रेशन. काटा तसाच ठेवून प्रत्येक वजनातून दहा ग्रॅम वजा करणे हे प्रोफाइल. घरच्या प्रिंटरमध्ये आतली यंत्रणा दुरुस्त करण्याची सोय आपल्या हाती नसते. तेव्हा तो कोणत्या छटेत किती चुकतो हे मोजून लिहून ठेवणे एवढाच मार्ग उरतो. वजाबाकीचा हा मार्ग चालण्यासाठी चूक दर वेळी तीच असावी लागते, आणि सुदैवाने आजचे इंकजेट प्रिंटर चुकतात ते मोठ्या सातत्याने चुकतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे घरांत आणि तालुक्याच्या गावांतील स्टुडिओंत जे फोटो-प्रिंटर दिसतात, त्यांत शाईच्या टाक्या असलेले सहा रंगांचे प्रिंटर बरेच आहेत. एप्सनची एल८०५, एल१८०० आणि एल८०५० ही नावे पासपोर्ट फोटो काढून देणाऱ्या कोणालाही पाठ असतात. काळा, सायन, मजेंटा व यलो आणि त्यांच्या जोडीला फिका सायन व फिका मजेंटा अशा सहा शाया त्यांत असतात. फिक्या शायांमुळे आकाश किंवा गाल अशा उजळ भागांत ठिपके डोळ्यांना दिसत नाहीत. पण या सहा शायांशी आपला थेट संबंध येत नाही. आपण लाल, हिरवा आणि निळा एवढेच आकडे देतो, आणि 'मीडिया टाइप' या रकान्यात आपण काय निवडले आहे ते पाहून ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे संगणकातले सॉफ्टवेअर, कोणती शाई किती टाकायची ते ठरवतो. 'प्रीमियम ग्लॉसी' निवडले की शाई भरपूर पडते, 'प्लेन पेपर' निवडले की हात आखडता घेतला जातो. या रकान्यातली नावे त्या कंपनीच्या स्वतःच्या कागदांची असतात आणि ड्रायव्हरबरोबर संगणकात येणारी तयार प्रोफाइलही त्याच कागदांसाठी केलेली असतात. आपण मात्र बाजारातून वेगळ्याच नावाचा, परवडणाऱ्या किमतीचा ग्लॉसी कागद आणतो आणि ड्रायव्हरला सांगतो की हा तुझाच प्रीमियम ग्लॉसी आहे. रंग बिघडतो तो इथे. प्रिंटर खराब नसतो, कागदही पुष्कळदा वाईट नसतो. त्या दोघांची ओळख कोणी करून दिलेली नसते.

दुकानात हा कागद जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम यावर, विकला जातो: १८०, २१०, २७०. जितका जाड कागद तितका चांगला फोटो, अशी ग्राहकाचीही समजूत असते आणि दुकानदार ती कशाला मोडेल? जाडीने फोटो हातात भारदस्त लागतो. रंगाशी तिचा संबंध जवळजवळ नाही. रंग ठरतो तो वरच्या लेपावर, म्हणजे तो शाई किती लवकर शोषतो, थेंब किती पसरू देतो आणि मुळात किती पांढरा आहे यावर. चांगल्या ग्लॉसी कागदावर सर्वांत गडद काळ्याचा उजळपणा लॅबच्या मापाने पाचच्या आसपास येतो, तर मॅट कागदावर तो पंधरा-वीसच्या खाली सहसा जात नाही. मॅटवर छापलेली रात्रीची दृश्ये धुरकट दिसतात त्याचे कारण हे आहे, आणि शाईचा कोणताही ब्रँड बदलून त्यात फार फरक पडत नाही. पाकिटावर 'हाय ग्लॉस', 'वॉटरप्रूफ', 'फोटो क्वालिटी' हे सगळे ठळक छापलेले असते. ड्रायव्हरमध्ये कोणता मीडिया टाइप निवडावा, एवढी एक ओळ मात्र बहुतेक पाकिटांवर सापडत नाही.

प्रोफाइल करण्याची रीत सांगायला सोपी आहे. आधी नोझल चेक काढून सगळ्या शाया नीट पडत आहेत याची खात्री करायची. मग ठरावीक आकड्यांचे शेकडो रंगीत चौकोन असलेला तक्ता त्याच कागदावर छापायचा, तो पुरता वाळू द्यायचा आणि प्रत्येक चौकोन स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या उपकरणाने मोजायचा. हे उपकरण चौकोनावर स्वतःचा प्रकाश टाकते आणि परत आलेल्या प्रकाशात जांभळ्यापासून लालापर्यंत कोणत्या तरंगलांबीचा वाटा किती आहे ते पाहते. संगणकाचा पडदा मोजण्यासाठी मिळणारी स्वस्त कलरीमीटर उपकरणे येथे उपयोगी नाहीत, कारण त्यांना स्वतःचा प्रकाश नसतो. कागदाला ती पाहूच शकत नाहीत. मोजलेले आकडे सॉफ्टवेअरला दिले की चौकोनांच्या मधल्या लाखो छटांचा अंदाज बांधून ते प्रोफाइल तयार करते. ग्रेम गिल यांनी लिहिलेले आर्गिलसीएमएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्याचा स्रोत खुला आहे, ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि त्याने केलेली प्रोफाइल विकतच्या सॉफ्टवेअरपेक्षा उणी नसतात. फक्त ते आज्ञा टाइप करून चालवावे लागते, आणि त्याची सवय नसलेल्याला पहिला आठवडा जड जातो. २००८ मध्ये आलेल्या कलरमंकी या उपकरणाबरोबरचे सॉफ्टवेअर पन्नास चौकोनांचे एक पान मोजून घेई आणि त्यावरून दुसऱ्या पानाचे पन्नास चौकोन स्वतः ठरवी. रोजच्या फोटोंना ते पुरेसे होते, पण करड्या छटा अचूक हव्या असतील तर चौकोन जास्त असलेले केव्हाही बरे, आणि त्यांतही करड्यांचा भरणा मुद्दाम जास्त असावा.

तक्ता वाळण्याबद्दल एक गोष्ट आपल्या हवेमुळे सांगावीशी वाटते. या उपकरणांच्या पुस्तिकांत दहा मिनिटे किंवा तासभर थांबा असे लिहिलेले असते. आमच्या साताऱ्याच्या पावसाळी हवेत, आणि कोकणात तर त्याहून जास्त, कागदाच्या लेपातच ओल असते आणि शाई बसायला वेळ लागतो. बसताना तिचा रंग किंचित सरकतो. आषाढात छापलेला तक्ता निदान रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी मोजावा. ओलसर तक्त्यावरून केलेले प्रोफाइल दिवाळीत छापलेल्या फोटोंना लागू पडत नाही, आणि मग दोष प्रोफाइल या कल्पनेलाच दिला जातो.

बहुतेकांचे काम फसते ती जागा मात्र हवेची नाही, सेटिंगची आहे. तक्ता छापताना त्याच्या आकड्यांना कोणीही हात लावता कामा नये, ना फोटोच्या सॉफ्टवेअरने, ना ड्रायव्हरने. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी 'नो कलर अॅडजस्टमेंट' हा पर्याय असतो, कॅननच्या ड्रायव्हरमध्ये कलर मॅचिंगसमोर 'नन' निवडावे लागते. फोटोशॉपमधून तक्ता छापू पाहणाऱ्यांना तर तसा पर्याय सापडणारही नाही, कारण सीएस५ या आवृत्तीपासून तो काढून टाकण्यात आला आणि त्याऐवजी अॅडोबीने 'कलर प्रिंटर युटिलिटी' नावाचे छोटे स्वतंत्र सॉफ्टवेअर दिले. नंतर प्रत्यक्ष फोटो छापतानाही हाच नियम: रंगाची दुरुस्ती एकाच ठिकाणी व्हावी. फोटोशॉपने प्रोफाइल लावले आणि ड्रायव्हरनेही आपली दुरुस्ती त्यावर चढवली, तर फोटो बहुधा गुलाबी-जांभळट होऊन बाहेर पडतो. चेहरे सगळीकडे गुलाबी दिसू लागले की शाईवर संशय घेण्याआधी या दुहेरी दुरुस्तीवर घ्यावा. तसेच तक्ता ज्या मीडिया टाइपवर आणि ज्या क्वालिटीवर छापला, फोटोही त्याच सेटिंगवर छापला पाहिजे. त्यांतले एक जरी बदलले तरी शाईचे प्रमाण बदलते आणि प्रोफाइल निरुपयोगी होते. मूळ कंपनीऐवजी दुसऱ्या कोणाची शाई टाकीत ओतली तर नवे प्रोफाइल करावे लागते, आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या शायांच्या बाबतीत एकाच नावाच्या दोन बाटल्या सारख्या निघतील याची खात्री देणे कठीण आहे. स्वस्त शाई वापरूच नये असे मी म्हणणार नाही, ज्याचा त्याचा खर्चाचा प्रश्न आहे. पण ती वापरायची तर एकदम पुरेशी घेऊन तीच वापरत राहावी.

प्रोफाइल केले की सगळे रंग हुबेहूब येतात, असे मात्र कोणी समजू नये. शाईला आणि कागदाला मर्यादा आहेत आणि त्या आमच्या कासच्या पठाराच्या फोटोंत जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या क्वचितच कोठे दिसत असतील. सप्टेंबरात तिथे कवल्याचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा असे तिन्ही गालिचे एकाच चौकटीत येतात. कवल्याचा पिवळा छापायला प्रिंटरला कष्ट नाहीत, कारण पिवळी शाई त्याच्याजवळ स्वतंत्र आहे; चांगल्या ग्लॉसी कागदावर तो पिवळा साध्या पडद्यावर दिसतो त्याहूनही शुद्ध उमटतो. एसआरजीबी ही एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेली रंगमर्यादा, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांचा पल्ला, त्या वेळच्या काचेच्या नळीच्या पडद्यांवरून ठरली होती आणि शाईचे काही पिवळे व सायन रंग तिच्याबाहेर राहतात. तेरड्याचा गुलाबी मजेंटा शाईच्या जवळचा, म्हणून तोही बराचसा जमतो. अडते ते सीतेच्या आसवांपाशी. पडदा निळा प्रकाश स्वतः फेकतो. कागदावर मात्र तो रंग सायनवर मजेंटा चढवून मिळवावा लागतो, आणि दोन शाया एकावर एक आल्या की उजेड कमी होतो. पडद्यावर झळकणारा तो निळा-जांभळा कागदावर तितका उजळ कधीच येणार नाही; त्याच्या जवळचा कोणता रंग स्वीकारायचा एवढेच आपल्या हाती उरते.

ही निवड 'रेंडरिंग इंटेंट' नावाच्या रकान्यात होते, आणि तो रकाना काय करतो हे न पाहता पुढे जाणारेच जास्त. आयसीसीने असे चार मार्ग ठरवले आहेत, पण फोटोच्या कामाचे दोनच. 'रिलेटिव्ह कलरीमेट्रिक' मध्ये जे रंग छापता येतात ते जसेच्या तसे ठेवले जातात आणि बाहेरचे रंग सीमेवर आणून बसवले जातात. 'पर्सेप्च्युअल' मध्ये सगळेच रंग थोडे थोडे आत ओढले जातात, म्हणजे त्यांचे परस्परसंबंध टिकतात पण एकंदर चमक जरा उतरते. माणसांच्या फोटोंना, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनची (फोटोतला काळा कागदावरच्या सर्वांत गडद काळ्याशी जुळवणाऱ्या पर्यायाची) खूण चालू ठेवून, पहिला मार्ग घ्यावा. फुलांचे पठार, पैठणीचा पदर किंवा दिवाळीची रोषणाई असेल तर दुसरा वापरून पाहावा, कारण पहिल्यात भडक रंगांतले बारकावे एका ठिगळात विरून जाण्याचा धोका असतो. निळा छापला की जांभळा येतो, ही जी सार्वत्रिक तक्रार आहे तिचे एक कारण तर लॅबमध्येच दडलेले आहे: त्या मापनात निळ्याच्या प्रांतात रंगछटेच्या रेषा सरळ नाहीत, त्यामुळे झळाळी कमी करताना निळा सरळ आत येण्याऐवजी जांभळ्याकडे वळतो. चांगले सॉफ्टवेअर हे वळण बरेचसे सावरून घेते, सगळे नाही. फुलाचा रंग कॅमेऱ्यानेच वेगळा टिपला असेल तर मात्र प्रिंटरच्या प्रोफाइलकडून दुरुस्तीची अपेक्षा करू नये; ते दिलेला रंग प्रामाणिकपणे छापेल, फुलाचा नाही.

'प्रिंट काळपट येते' ही दुसरी नेहमीची तक्रार. तिचा प्रोफाइलशी काही संबंध नाही. पडदा फार प्रखर ठेवलेला असतो. फोटोच्या कामासाठी पडद्याची प्रखरता दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान असावी, आणि दुकानातून आणलेला पडदा सहसा त्याच्या दुप्पट-तिप्पट तेजाने सुरू असतो. तो मंद करावा, एवढेच. मोबाइलवरून थेट छापणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. आयफोन २०१६ पासून डिस्प्ले पी३ या मोठ्या रंगमर्यादेत फोटो काढतो, इतर फोनचे पडदे कारखान्यातूनच भडक ठेवलेले असतात, आणि फोनवरच्या छपाईच्या अॅपमध्ये आपले स्वतःचे प्रोफाइल निवडण्याची सोय बहुधा नसते. अचूक रंग हवा असेल तर फोटो संगणकावर घेऊनच छापावा लागेल. सध्या दुसरा सोयीचा रस्ता नाही.

छापलेला फोटो कोणत्या उजेडात पाहतो यालाही महत्त्व आहे. छपाई तपासण्यासाठी ५००० केल्विनच्या प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण घरी तेवढा खटाटोप नको. दिवसा खिडकीपाशी, अंगावर थेट ऊन न पडेल अशा जागी पाहावे. जुन्या कृष्णधवल फोटोच्या प्रती काढताना हे विशेष जाणवते, कारण या सहा शायांत करडी शाई नसते, करडा रंग बराचसा रंगीत शायांच्या मिश्रणातून उभा राहतो, आणि खिडकीपाशी निर्मळ करडा दिसणारा आजोबांचा कोट स्वस्त एलईडीखाली हिरवट दिसू शकतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली चकाकणारी रसायने हाही याच प्रकारातला उपद्रव आहे: दिवसाच्या प्रकाशातल्या अतिनील किरणांनी ती निळसर उजळतात, दिव्याखाली गप्प बसतात, आणि मोजणारे उपकरणही त्यांना फसून फोटोला पिवळट कलंडवू शकते. फार पांढरा कागद टाळावा, हा माझा यावरचा सरळ सल्ला.

हे सगळे अवघड वाटत असेल तर, संपादक महोदय, आपल्याच अंकाच्या पानाच्या कडेला पाहावे. तिथे सायन, मजेंटा, यलो आणि काळा असे चार बारीक ठिपके किंवा चौकोन असतात. वाचक त्यांच्याकडे पाहतही नाहीत, पण छपाई यंत्रावरचे कारागीर त्यांवरूनच चार शायांचा मेळ तपासतात. वृत्तपत्राचा कागद शाई इतकी पसरवतो की आंतरराष्ट्रीय मानकानुसार ५० टक्क्यांचा, म्हणजे निम्मी जागा व्यापणारा, ठिपका छापून झाल्यावर सुमारे ७६ टक्क्यांइतका गडद होतो, आणि हे आधीच माहीत असल्यामुळे फोटो पानावर जाण्यापूर्वीच तितका उजळ केला जातो. कागद काय करतो ते मोजणे आणि त्याप्रमाणे आकडे आधीच बदलून देणे, एवढेच काम आहे. छापखान्याने ते कधीच गृहीत धरलेले आहे; घरच्या ग्राहकाला मात्र पट्ट्या सरकवायला सांगितले जाते.

अडचण आहे ती उपकरणाची. स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुधा ज्या प्रिंटरसाठी घ्यायचा त्याहून महाग पडतो, आणि एका घरात त्याचा उपयोग कागद किंवा शाई बदलेल तेव्हाच. प्रत्येकाने तो विकत घ्यावा असे मी मुळीच सुचवत नाही. साध्या स्कॅनरने तक्ता वाचण्याची युक्ती काही जण सांगतात. ती टाळावी, कारण स्कॅनरचे लाल-हिरवे-निळे फिल्टर माणसाच्या नजरेसारखे नसतात आणि एका चुकणाऱ्या यंत्राचे माप दुसऱ्या चुकणाऱ्या यंत्राने घेतल्यासारखे होते. ब्रिटनमधील फोटोस्पीड आणि पर्माजेट या कागद विकणाऱ्या कंपन्यांनी यावर फार साधा तोडगा काढला आहे: ग्राहकाने त्यांचा तक्ता त्यांच्या कागदावर आपल्या प्रिंटरवर छापून टपालाने पाठवायचा, ते तो मोजतात आणि त्या ग्राहकाच्या प्रिंटरचे प्रोफाइल ईमेलने विनामूल्य पाठवतात. जर्मनीची हानेम्यूले कंपनी तयार प्रोफाइल आपल्या संकेतस्थळावर ठेवते, पण ती बहुतांशी महागड्या व्यावसायिक प्रिंटरसाठी असतात, टाकीवाल्या प्रिंटरांचा त्यांत फारसा विचार नसतो.

आपल्याकडे मुंबई, पुणे आणि दिल्लीतून फोटो-कागद आपापल्या नावाने बाजारात आणणाऱ्यांना हे करणे कठीण नाही. सहा रंगांचे जे दोन-चार प्रिंटर सर्वत्र वापरले जातात, त्यांच्यावर मूळ शाईने तक्ते छापून, मोजून, ती प्रोफाइल पाकिटावरच्या क्यूआर कोडने उपलब्ध करून द्यायची आहेत. कागदाचा लेप बदलेल तेव्हा नवी द्यायची आहेत. घरोघरच्या दोन सारख्या प्रिंटरांत थोडा फरक राहतोच, त्यामुळे असे प्रोफाइल स्वतः मोजून केलेल्या प्रोफाइलइतके अचूक नसेल, पण पट्ट्या सरकवण्यापेक्षा ते कितीतरी पुढचे पाऊल ठरेल. ज्यांना त्याहून नेमके हवे आहे त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणचे छायाचित्रकार संघ आणि उपयोजित कलेची महाविद्यालये एकेक उपकरण घेऊन, माफक शुल्कात तक्ते मोजून देऊ शकतील. विद्यार्थ्यांनाही रंगमापन हाताने करायला मिळेल, जे आज पुस्तकातल्या आकृतीपुरतेच राहते.

आपल्या पुरवणीने हा विषय पुन्हा घ्यावा आणि कागद विकणाऱ्यांना जाहीरपणे विचारावे, अशी विनंती आहे. तोवर निदान पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी चार गोष्टी छापाव्यात: ड्रायव्हरमध्ये कोणता मीडिया टाइप आणि कोणती क्वालिटी निवडावी, कागदाची छापण्याची बाजू कोणती, चकाकणारी रसायने त्यात आहेत की नाहीत, आणि लेप कोणत्या बॅचचा आहे. बॅचचा क्रमांक असला तर एका ग्राहकाने मोजून केलेले प्रोफाइल त्याच पाकिटाच्या दुसऱ्या ग्राहकाला वापरता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा